तपकिरी किनारीचं कव्हर

“वहिनी, हिला घेऊन जायचंय कुठं ते आधी सांगा,” इलाहीभाई म्हणाले. “मग कापडाचं बोलू.”

“चिपळूणला. कुंभार्ली घाटानं.”

“घाट तर सगळा उकरून ठेवलाय.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

गळ्यात टेप अडकवून इलाहीभाई आमच्या कॅरव्हॅनच्या तोंडापुढे उभे होते. ट्रकच्या ताडपत्र्या आणि जीपचे हूड शिवण्यात कऱ्हाडात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कॅरव्हॅन त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची खोलीच ती. आत दोन पलंग, छोटासा ओटा, एक बेसिन, आणि पुढच्या बाजूला प्लॅस्टिकच्या काचेची रुंद खिडकी. आमच्या ह्यांनी एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर एका मित्राच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून ही गाडी बांधली. पांढरीशुभ्र होती. चपला बाहेर काढल्याशिवाय मी तिच्यात कुणाला पाऊल टाकू देत नसे.

“जीपची मागची चाकं खडी उडवणार, ती समदी हिच्या तोंडावर,” इलाहीभाई खिडकीवर बोटं टेकवून म्हणाले. मी लगेच पदरानं बोटांचे ठसे पुसले. ते हसले. “निळी ताडपत्री घ्याल तर उद्या देतो. पण ती वाऱ्यानं फडफडती, आन् फडफडली की घासती. रेक्झिनच्या आत पाणी धरतं. माझं ऐकाल तर जाड कॅनव्हास घ्या, आतनं फ्लॅनेल लावतो. पट्टे खालनं ताणून बांधायचे. आन् एक ध्यानात ठेवा, घालायच्या आधी गाडीचं तोंड धुऊन पार कोरडं करायचं. आत धूळ राहिली तर ते कव्हरच पॉलिशपेपरचं काम करंल.”

“किती दिवस लागतील?” ह्यांनी विचारलं. “शुक्रवारी सकाळी निघायचंय.”

“गुरुवारी सांजच्याला घालून देतो, साहेब. जबान दिली.”

“कॅनव्हासच करा,” मी म्हणाले. “बदामी रंगाचा. आणि किनार तपकिरी.”

कव्हर हा माझा जुना रोग. आमच्या टीव्हीला कव्हर होतं, मिक्सरला होतं, फ्रिजच्या दांडीला होतं. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असे, आणि नव्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक मी सात वर्षं काढू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणे त्याला चिकटायचे. वत्सलाताई, माझी थोरली बहीण, आली की त्या सोफ्यावर बसताना मुद्दाम कण्हायची आणि म्हणायची, “कुमे, दिनकररावांनाही एक शिवून घे. उगीच खराब होतील.”

आता ती कुठे बसू शकत नव्हती. इस्लामपूरला शाळेची मुख्याध्यापिका म्हणून वीस वर्षं तिनं राज्य केलं होतं, आणि आता मणक्याच्या कॅन्सरनं ती पाठीवर पडून होती. दहा मिनिटं बसवलं तरी घाम फुटायचा. डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते. हौसाबाई म्हणून एक बाई दिवसरात्र तिच्याजवळ असे, आणि मी एक दिवसाआड कऱ्हाडहून जायची.

पंधरा दिवसांपूर्वी ती मला म्हणाली होती, “दिनकररावांची गाडी झाली का गं?”

“झाली. का?”

“त्यात पडून जाता येईल ना? मला वैजूकडे जायचंय.”

वैजू ही तिची एकुलती एक मुलगी. तिनं ताईच्याच शाळेतल्या शिपायाच्या मुलाशी लग्न केलं होतं. शिपाई चांगला, मुलगा त्याहून चांगला, पण ज्याच्याकडून तिनं वीस वर्षं घंटा वाजवून घेतली तो तिचा व्याही झाला, हे ताईला गिळवेना. “या उंबऱ्यात पुन्हा पाऊल ठेवू नकोस,” असं तिनं भर अंगणात चार माणसांसमोर सांगितलं. वैजूही तिचीच मुलगी. नऊ वर्षं तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. चिपळूणला नवऱ्याचं वायरिंगचं दुकान होतं, सासू-सासरेही तिकडेच गेले होते.

“तिला इथं बोलावून घेऊ,” मी म्हणाले. “अशा वेळी येईल ती.”

“नको. मी हाकललंय तिला, मीच जायला हवं. तिच्या दारात जाऊन म्हणेन, चुकलं माझं. हे पलंगावर पडून, तिला इथं बोलावून म्हणण्यात काय अर्थ आहे? मरणारी बाई काय, काहीही म्हणते.”

ह्यांना सांगितलं तेव्हा ते लगेच उठले. ओढताना गाडीत माणसं बसवू नयेत हे त्यांना माहीत होतं, पण ते म्हणाले, “वीसच्या स्पीडनं नेतो. तू तिच्याजवळ बस.” पलंगाला कडेची फळी लावली, गादीखाली आणखी एक गादी घातली. जीप हाकत ते एकटेच घाटात जाऊन रस्ता पाहून आले, आणि आल्यावर जेवताना सहज म्हणाले की खडी फार आहे. ते जर बोलले नसते तर मला कव्हरची आठवणही झाली नसती. पण मी हा दोष त्यांना देत नाही.

बुधवारी मी वैजूला फोन केला. शुक्रवारी तुझी आई तुझ्याकडे येतेय, असं सांगितलं.

“ती आपणहून म्हणाली?” वैजूनं विचारलं.

“आपणहून.”

“आमच्या घरात येईल ती? आत?”

“येईल गं.”

मग एकदम घाईघाईनं, “काय खाते ती हल्ली?”

“आंबील. मऊ भात. चावायचं नको वाटतं तिला.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवताना तिला नाक ओढताना मी ऐकलं.

गुरुवारी संध्याकाळी इलाहीभाईंनी कव्हर घालून दाखवलं. बसलं होतं झकास. खिडकीपासून खालच्या दांड्यापर्यंत एक सुरकुती नव्हती, पट्टे ताठ, बोटानं वाजवलं तर डफासारखं वाजत होतं. हे खूश झाले. मी मात्र किनारीकडे बघत होते.

“इलाहीभाई, ही किनार मरून रंगाची आहे.”

“हाय खरी. तपकिरी संपली होती, पेठेतबी मिळाली न्हाई. सांगलीवरनं मागवायला पायजे.”

“मी तपकिरी सांगितली होती.”

“वहिनी, खडीला रंग कळत न्हाई.”

हे हसले, आणि त्यांचं हसणंच मला झोंबलं. “दोघं मिळून मला शिकवू नका,” मी म्हणाले. “बदामीवर मरून म्हणजे सर्कशीचा तंबू दिसतो. बदलून द्या.”

“अगं, उद्या सकाळी निघायचंय,” हे म्हणाले. “असंच घालून जाऊ. आल्यावर बदल.”

“एकदा घातलं की मग कोण बदलतंय?”

“मग काढून जाऊ. चार ओरखडे पडतील, पडू दे. मी बफ मारून घालवीन.”

“दोन वर्षांच्या मेहनतीवर पहिल्याच फेरीला ओरखडे? नाही. तीन दिवसांनी काय बिघडतंय? ताई बरी आहे. परवाच मला शुद्धलेखन शिकवत होती.”

खरं सांगायचं तर किनारीमागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती मी तेव्हा ह्यांनाही सांगितली नाही. आम्ही शिपायाच्या घरी चाललो होतो. मुख्याध्यापिका बाई शिपायाच्या दारात माफी मागायला जाणार, तर निदान ज्या गाडीतून उतरणार ती बघून त्या लोकांचे डोळे दिपले पाहिजेत, असं मला वाटत होतं. ताईच्या मनातून जे नऊ वर्षांनी निघून गेलं होतं ते माझ्या मनात ठाण मांडून होतं.

इलाहीभाईंनी कव्हर गुंडाळून नेलं. शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असे, म्हणजे काम शनिवारी.

शुक्रवारी सकाळी दहाला इस्लामपूरहून फोन आला. हौसाबाईनं रिसीव्हर ताईच्या कानाला धरला होता.

“कुमे, निघालात का?”

“ताई, अगं, सोमवारी जाऊ या. वैजूलाही कळवते.”

“का? काय झालं?”

“कव्हरचं जरा राहिलंय.”

ताई हसली. हसताना तिला दुखायचं, ते दुखणंही ऐकू आलं. “बारसं आहे का गाडीचं? झबलं कसलं शिवतेयस! मी पहाटेपासून इरकल नेसून पडलेय. हौसा म्हणते, सुरकुत्या पडल्या.”

“सोमवारी नक्की, ताई.”

“बरं.” मग ती म्हणाली, “कुमे, लवकर कर हं.”

जन्मभर ताई मला ‘नीट कर’ म्हणत आली होती. अक्षर नीट काढ, वेणी नीट घाल, संसार नीट कर. ‘लवकर कर’ असं तिनं मला कधीच म्हटलं नव्हतं. मला ते ऐकू आलं, कळलंही. तरी मी वैजूला फोन करून सोमवार सांगितला आणि टीव्हीचं कव्हर धुवायला काढलं.

शनिवारी सांगलीहून किनार आली, पण दिवसभर लाइट नव्हती आणि इलाहीभाईंचं मोठं मशीन विजेवर चालायचं. रविवारी दुपारी कव्हर आलं. किनार तपकिरी होती, अगदी हवी तशी. हे म्हणाले, चल, आत्ता निघू, ताईला घेऊन अंधार पडायच्या आत पाटणला मुक्काम करू. मी म्हणाले, गाडीचं तोंड धुवायला नको का? इलाहीभाईंनी काय सांगितलंय? मग मी बादली घेऊन बसले. साबणानं धुतलं, साध्या पाण्यानं धुतलं, सुती कापडानं पुसलं. खिडकीच्या रबरात पाणी राहिलं होतं, ते वाळेपर्यंत दिवस मावळला. हे व्हरांड्यात बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मग एकदाही घाई कर म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. हात धरून ओढायला हवं होतं मला.

सोमवारी सकाळी सहाला निघालो. वाटेत मी तीनदा जीप थांबवून मागे जाऊन पाहिलं. एक पट्टा हलला नव्हता. उसाच्या ट्रॅक्टरनं उडवलेली माती कॅनव्हासला लागून खाली पडत होती. मी मनापासून खूश होते. हे मी लपवत नाही, त्या सकाळी इस्लामपूर येईपर्यंत मी फार खूश होते.

ताईच्या दारात माणसं जमली होती.

पहाटे साडेपाचला गेली. हौसाबाईनं फोन केला तोवर आम्ही घर सोडलं होतं. हौसाबाईनं तिला इरकल नेसवली होती, केस विंचरले होते. “चा द्यायला गेले तर...” एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत होती. मी ताईच्या पायांशी बसले. लुगड्याच्या निऱ्या नीट होत्या.

दुपारपर्यंत गाव लोटलं. तिचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांची मुलं. सतरंज्या पुरेनात. ह्यांनी न बोलता जाऊन कॅरव्हॅनचे पट्टे सोडले, कव्हर ओढून काढलं आणि अंगणात उलटं अंथरलं, फ्लॅनेलची बाजू वर करून.

“अहो, माती लागेल,” माझ्या तोंडून निघून गेलं.

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तसं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग ते म्हाताऱ्या माणसांना हात धरून त्यावर बसवू लागले.

अडीच वाजता वैजू आली. एस.टी.नं आली होती, नवरा बरोबर होता. बायका तिला धरून आत नेऊ लागल्या तर ती अंगणाच्या कडेलाच थांबली. “आई आत ये म्हणाली नाहीये अजून,” ती म्हणाली. ती गाडीला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडे गेले. हे माझ्या मागे दोन पावलांवर होते.

“हीच का गं गाडी, मावशी?”

“हो.”

“शुक्रवारी मी सकाळपासून वाट बघितली. आंबील केली. तुझा फोन आला तेव्हा टाकली. आज पुन्हा केली होती.” तिचे डोळे कोरडे होते. “मला एकच सांग. शुक्रवारी का नाही निघालात?”

सांगायला एक शब्द पुरला असता. फार तर दोन. ज्या कापडाच्या किनारीसाठी तिची आई तीन दिवस नेसून पडून राहिली, ते आमच्यापासून दहा हातांवर होतं आणि त्यावर माणसं बसली होती. मी तिकडे पाहिलं, मग वैजूकडे पाहिलं. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

“ताईनं ऐन वेळी पाय मागे घेतला,” मी म्हणाले.

वैजूनं गाडीच्या खिडकीवर हात टेकला.

“बघू म्हणाली. नंतर म्हणाली. तुला माहीत आहे तिचा स्वभाव.”

“आणि आज?”

“आज आम्ही तिला न विचारताच न्यायला आलो होतो.”

मागे ह्यांनी घसा खाकरल्यासारखा आवाज केला.

वैजूनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, आपली आई, आणि येईल? पण खरं सांगितलंस ते बरं केलंस, मावशी. नाहीतर जन्मभर मी स्वतःला फसवत बसले असते.”

ताईला बाहेर आणलं तेव्हा सगळे पाया पडले. वैजू लांबूनच बघत राहिली. नवरा म्हणाला, जा ना, तर म्हणाली, “नको. तिला आवडणार नाही.” आणि तिरडी उचलायच्या आधीच ती दोघं स्टँडकडे चालू लागली.

लोक गेल्यावर हौसाबाईनं मला एक कापडी पिशवी आणून दिली. आत एक खण होता, नारळ होता, जावयासाठी टोपी-उपरणं होतं.

“वैजूताईची ओटी भरणार हुत्या बाई,” ती म्हणाली. “खण मला पाठवून आणलावता. तीन दुकानं हिंडले. त्यास्नी वांगीच रंग पायजे हुता. त्या आल्यावर द्यायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई माझ्या.”

“मी देते,” मी म्हणाले. “आणि हौसाबाई, वैजूला यातलं काही सांगू नका. तिला त्रास होईल उगीच.”

हौसाबाई माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत भांडी घासायला गेली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये हे म्हणाले, “कुमुद, त्या पोरीला काय सांगितलंस तू?”

“मग काय सांगायचं होतं? किनार मरून होती म्हणून?”

“हो,” ते म्हणाले. “तेच.”

त्यानंतर या विषयावर ते कधी बोलले नाहीत. कॅरव्हॅन त्यांनी महिन्याभरात एका डॉक्टरला देऊन टाकली. वैजूला ते स्वतः सांगतील अशी मला भीती होती, आणि कधीकधी आशाही. त्यांनी सांगितलं नाही. सहा वर्षांनी तेही गेले. हौसाबाई त्याच्या आधीच गेली होती. आता हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे.

वैजू मात्र मला धरून राहिली. दर रविवारी फोन, मे महिन्यात आंब्याची पेटी, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी पंधरा दिवस येऊन राहिली. आईबद्दल ती बोलत नाही. भिंतीवर तिचा फोटोही लावलेला नाही.

तिनं मला पहिल्यांदा घरी बोलावलं ते ताई गेली त्याच वर्षी, दिवाळीनंतर. हे आले नाहीत, मी एकटीच एस.टी.नं गेले. घाटातला रस्ता तोवर गुळगुळीत झाला होता. वैजूची सासू, शेवंताबाई, दारात पाणी घेऊन उभी होती. शिपाईदादांनी माझी पिशवी हातातून घेतली आणि जुन्या सवयीनं मला ‘बाई’ म्हणाले. दोन खोल्यांचं घर, सगळं उघडं, वापरातलं. आत जाताना मला वाटलं, ताई इथं आली असती तर या खिडकीशी तिचा पलंग टाकला असता.

जेवणं झाल्यावर मी वैजूची ओटी भरायला घेतली. ती पाटावर बसली, पदर पसरला. मी नारळ ठेवला, त्यावर खण ठेवला. तिनं खणावरून बोटं फिरवली आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच, त्या सगळ्या काळात पहिल्यांदाच, मऊ झाला.

“मावशी, वांगी रंग! हा मला लहानपणापासून आवडतो. तुला गं कसं माहीत?”

पाटासमोर मी ओणवी होते. ओंजळीत तांदूळ होते. अजूनही वेळ होती.

“दिसला, आवडला, घेतला,” मी म्हणाले.

शेवंताबाई दाराला टेकून कौतुकानं बघत होती. “माय मरो पण मावशी उरो म्हंत्यात,” ती म्हणाली, “त्ये काय खोटं न्हाई बगा.”

वैजूनं वाकून मला नमस्कार केला. मी हसले, आणि तिच्या ओटीत तांदळाची पाचवी ओंजळ घातली.